उन्हाळी दौऱ्याला कंपनीचा प्रायोजक मिळाला आहे. करारावर सही करावी का?

प्रश्न : राजारामपुरीचा_बेसवादक

नमस्कार. आम्ही पाच जण कोल्हापुरात स्वतःची मराठी गाणी वाजवणारा रॉक बँड चालवतो. महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, हॉटेलांतले शनिवारचे कार्यक्रम आणि वर्षअखेरीची एखादी मैफल यापलीकडे आमची मजल गेलेली नाही. तिकीट लावून स्वतःच्या बळावर कार्यक्रम केला, तेव्हा सभागृहाचे भाडे आणि ध्वनियंत्रणेचे बिल कसेबसे भागले. वादकांच्या हाती चहापाण्यापुरतेच उरले. अशात एका शीतपेय कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडून उन्हाळी दौऱ्याचा प्रस्ताव आला आहे. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, कराड, सातारा आणि बेळगाव अशा सहा ठिकाणी खुल्या मैदानांवर विनामूल्य कार्यक्रम करायचे. मंच, ध्वनी, प्रकाश, प्रवास, मुक्काम आणि आमचे मानधन हा सगळा भार कंपनी उचलणार.

मोबदल्यात कंपनीला काय हवे आहे, ते मसुद्यातून थोडक्यात सांगतो. दौऱ्याच्या नावात आधी त्यांच्या पेयाचे नाव आणि मग आमचे येईल. मंचामागच्या एलईडी पडद्यावर त्यांचे चिन्ह सतत राहील आणि दर दोन गाण्यांनंतर निवेदक पेयाचा उल्लेख करील. आम्ही एक नवे गाणे रचायचे, ज्याच्या ध्रुवपदात कंपनीचे घोषवाक्य असेल. सर्व कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण व चित्रीकरण ‘कायमस्वरूपी आणि जगभरासाठी’ कंपनीच्या मालकीचे राहील. दौरा संपल्यावर एक वर्ष आम्ही दुसऱ्या कोणत्याही खाद्य किंवा पेय कंपनीच्या कार्यक्रमात वाजवायचे नाही. मानधनाचे ३० टक्के सही करताना मिळतील आणि उरलेले संपूर्ण दौरा संपल्यानंतर ४५ दिवसांनी. पावसामुळे किंवा परवानगीअभावी कार्यक्रम रद्द झाला, तर त्या कार्यक्रमाचे मानधन मिळणार नाही.

याखेरीज एक गोष्ट मसुद्यात नाही, पण बैठकीत तोंडी सांगण्यात आली. पंचगंगेच्या प्रदूषणावरचे आमचे एक गाणे आहे आणि लोक ते हमखास मागतात. ते गाणे ‘या दौऱ्यात नसले तर बरे’ असे अधिकारी हसत हसत म्हणाले. तेव्हापासून आमच्यात दोन तट पडले आहेत. ड्रमवादकाचे म्हणणे असे, की एवढा मोठा मंच आणि एवढी चांगली ध्वनियंत्रणा आपल्याला पुन्हा कधी मिळणार नाही. गाणी लिहिणारा म्हणतो, की हे गाणे गाळायचे असेल तर त्याने घरी बसलेले बरे. मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच विचारतो आहे. प्रायोजक घेणे हेच मुळात चुकीचे आहे का? नसेल तर यातल्या कोणत्या अटींवर अडून बसावे?

उत्तर : जुना_श्रोता

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोल्हापुरात राहून तरी ‘नाही’ असेच द्यावे लागेल. या गावातले संगीत आश्रयावरच वाढलेले आहे. उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या पदरी होते म्हणून जयपूर घराण्याची गायकी इथे रुजली, आणि १९२२ मध्ये महाराज गेल्यावर खाँसाहेबांनी मुंबईचा रस्ता धरला. कलावंत आश्रयदात्यामागे कसा जातो, याचे आपल्या घरचेच उदाहरण आहे. आज त्याच गावात गणपतीच्या कमानीवर सराफापासून सिमेंटपर्यंत सगळ्यांच्या जाहिराती झळकतात आणि त्यावर कोणी भुवई उंचावत नाही.

आश्रयदात्याचे नाव गाण्यात घालणे हेसुद्धा नवे नाही. दरबारी रचनाकार सदारंगाच्या कितीतरी ख्यालांत मुहम्मदशाह रंगीले या बादशहाचे नाव येते. हा बादशहा १७१९ ते १७४८ या काळात दिल्लीच्या तख्तावर होता. त्याची सत्ता नादिरशहाने खिळखिळी केली, पण बंदिशींतले त्याचे नाव आजचे गायकही घेतात. फरक इतकाच, की ती बंदिश बादशहाच्या मालकीची झाली नाही. ती शिष्यांनी गायली, दुसऱ्या घराण्यांनी उचलली, आणि गाण्यासाठी दरबाराची परवानगी कोणालाही काढावी लागली नाही. तुमच्या मसुद्यात घोषवाक्याच्या अटीपेक्षा मला ‘कायमस्वरूपी आणि जगभरासाठी’ हे शब्द अधिक खटकले, ते याचमुळे.

रॉक संगीतापुरते बोलायचे, तर मोठ्या दौऱ्याला मोठा प्रायोजक ही पद्धत १९८१ साली ठळकपणे पुढे आली. त्या वर्षी रोलिंग स्टोन्सच्या अमेरिकेतील दौऱ्याला जोव्हान या अत्तर बनवणाऱ्या कंपनीने पैसा पुरवला. पुढच्याच वर्षी द हू या बँडच्या दौऱ्यामागे श्लिट्झ ही बिअर कंपनी उभी राहिली, आणि १९८४ मध्ये जॅक्सन बंधूंच्या ‘व्हिक्टरी’ दौऱ्याला पेप्सीचे पाठबळ होते. याच पेप्सीच्या जाहिरातीच्या चित्रीकरणात आतषबाजीची ठिणगी पडून मायकल जॅक्सन भाजला. रॉक गायक नील यंगने १९८८ मध्ये या साऱ्या प्रकाराची टिंगल करणारे गाणे काढले. एमटीव्हीने त्याची चित्रफीत आधी दाखवायला नकार दिला आणि १९८९ मध्ये तिलाच वर्षातील सर्वोत्तम चित्रफितीचा पुरस्कार दिला, हा विनोद त्या गाण्याहूनही चांगला होता.

मला मात्र यापेक्षा पिंक फ्लॉइडचे प्रकरण अधिक बोलके वाटते. १९९४ च्या त्यांच्या युरोप दौऱ्याला फोक्सवॅगनने पैसा दिला आणि बँडच्या नावाची गोल्फ मोटारही बाजारात आणली. नंतर बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोरने उघडपणे सांगितले, की हा व्यवहार त्याला रुचला नाही, आपल्या यशात आपलाही वाटा आहे असे त्या कंपनीने म्हणावे हे त्याला नको होते, आणि त्यातून मिळालेली स्वतःची रक्कम त्याने दानधर्मात दिली. गिल्मोरला ते परवडले. तुमच्यासारख्यांना पैसे घेऊन नंतर परत करण्याची चैन करता येत नाही, म्हणून जे काही खटकणार आहे ते सहीच्या आधीच खटकू द्यावे.

उलट बाजूही सांगतो. व्हॅन्स या बूट बनवणाऱ्या कंपनीचे नाव लावून अमेरिकेत १९९६ पासून वॉर्प्ड टूर हा उन्हाळी दौरा वर्षानुवर्षे चालला. एका दिवसात अनेक मंचांवर कितीतरी बँड वाजवत असत, आणि कोणी किती वाजता मंचावर जायचे हे त्याच दिवशी सकाळी जाहीर होई, त्यामुळे नावाजलेल्या बँडलाही दुपारच्या उन्हात वाजवावे लागे आणि नवख्यालाही संध्याकाळ मिळू शके. बूट विकणारी कंपनी आणि स्केटबोर्ड खेळणारा श्रोता यांचा मेळ तिथे मुळातच जमलेला होता. कंपनीचे नाव असल्याने त्या दौऱ्याची रग कमी झाली, असे त्याचे चाहते म्हणत नाहीत.

उत्तर : गंगावेसकर

मी वरील मताशी सहमत नाही. राजाश्रय आणि जाहिरात यांना एकाच पंगतीत बसवणे मला पटत नाही. महाराजांना खाँसाहेबांकरवी काही विकायचे नव्हते. ज्या मुलांना उद्या मधुमेहाची भीती घालावी लागणार आहे, त्यांनाच आज साखरेचे पाणी पाजण्यासाठी तुम्ही गर्दी जमवून देणार आहात, एवढाच या व्यवहाराचा अर्थ आहे. पंचगंगेचे गाणे वगळण्याची सूचना ज्या बैठकीत झाली, त्या बैठकीतून उठून यायला हवे होते. सहा गावे फिरण्याऐवजी दोनच गावांत, स्वतःच्या तिकिटावर, छोट्या सभागृहात वाजवा. उशीर लागेल, पण जे श्रोते येतील ते तुमच्यासाठी येतील.

उत्तर : मसुदा_वाचणारा

मी करार वाचण्याचे काम करतो, तेव्हा नैतिक बाजू इतरांवर सोडून थेट कलमांकडे येतो. हा सल्ला सामान्य स्वरूपाचा समजावा. सही करण्यापूर्वी कोल्हापुरातल्या एखाद्या वकिलाला पूर्ण मसुदा दाखवावा. त्याची फी तुमच्या एका कार्यक्रमाच्या मानधनापुढे किरकोळ असेल.

सर्वांत महत्त्वाचे कलम ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरणाचे आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन चित्रफीत बनवून घेतली, तर वेगळा करार नसल्यास तिचा पहिला मालक ती बनवून घेणारा असतो. म्हणजे कॅमेरे कंपनीचे असतील, तर चित्रफीत कंपनीची होणार, हे मसुद्यात लिहिले नसते तरीही झालेच असते. मात्र त्या चित्रफितीत वाजणाऱ्या गाण्याचे शब्द आणि चाल यांवरचा हक्क तुमच्या गीतकाराचा आणि संगीतकाराचा आहे, आणि तो लेखी दिल्याशिवाय जात नाही. तुमच्या मसुद्यात ‘कार्यक्रमातील सर्व सामग्री’ असा ढोबळ शब्दप्रयोग असेल, तर तो काढून ‘चित्रफीत व ध्वनिमुद्रण एवढेच, गीत, चाल आणि संगीतरचना वगळून’ असे स्पष्ट लिहून घ्या. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द कंपनीच्या वकिलाने मुद्दाम घातले आहेत ते याचसाठी, कारण ते नसते तर कायद्याने तुम्हाला आपोआप संरक्षण दिले असते. माझ्या मते दोन वर्षे, फक्त कंपनीच्या समाजमाध्यमांवर आणि फक्त दौऱ्याच्या प्रसिद्धीसाठी, एवढे द्यायला हरकत नाही. त्याबरोबर सर्व कार्यक्रमांचे मूळ बहुपदरी ध्वनिमुद्रण, म्हणजे प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक, तुम्हाला प्रत म्हणून मिळावा अशी अट घाला. एरवी तेवढे काम स्वतःच्या खर्चाने करायचे झाले तर तुम्हाला परवडणार नाही.

कलाकाराचा म्हणून एक स्वतंत्र हक्क असतो, तोही लक्षात ठेवा. आपले सादरीकरण चित्रफितीत समाविष्ट करायला तुम्ही लेखी संमती दिली, की उलट करार नसेल तर निर्मात्याच्या वापराला तुम्हाला आक्षेप घेता येत नाही. पण त्याचा व्यापारी वापर झाल्यास स्वामित्वधन (रॉयल्टी) मागण्याचा हक्क कलम ३८अ ने शाबूत ठेवला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना आपले स्वामित्वधन सरसकट सोडून देताच येत नाही. त्यामुळे ‘कोणतेही पुढील मानधन देय राहणार नाही’ असे वाक्य मसुद्यात असेल, तर त्याला घाबरून जाऊ नका आणि तसेच ठेवूही नका. तुमच्या गीतकाराने आणि संगीतकाराने आयपीआरएस या स्वामित्वधन गोळा करून देणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व घेतले नसेल, तर दौऱ्याच्या आधी घ्यावे.

घोषवाक्याचे गाणे हे मुळात दौऱ्याचे काम नाही. ती जाहिरात आहे. तिचा करार वेगळा करा, तिचे मानधन वेगळे घ्या आणि ती तुमच्या पुढच्या अल्बममध्ये नसेल असे आताच ठरवा.

दौऱ्यानंतरच्या एक वर्षाच्या बंदीबद्दल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायावर निर्बंध घालणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. करार चालू असतानाचे निर्बंध न्यायालये मान्य करतात. कोका-कोला आणि गुजरात बॉटलिंग यांच्यातील १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा याच मुद्द्यावर आहे. करार संपल्यानंतरचे निर्बंध मात्र सहसा टिकत नाहीत. पर्सेप्ट डी’मार्क आणि क्रिकेटपटू झहीर खान यांच्या खटल्यात २००६ मध्ये न्यायालयाने तेच सांगितले. तरीही ‘न्यायालयात टिकणार नाही’ म्हणून ते कलम राहू देऊ नका, कारण वर्षभरात दुसऱ्या प्रायोजकाने हा कागद पाहिला तर तो न्यायालयापर्यंत जाणार नाही, सरळ दुसऱ्या बँडकडे जाईल. दौऱ्याचा काळ आणि फार तर नंतरचा एक महिना, तोही फक्त शीतपेयांपुरता, एवढ्यावर तोडगा निघावा.

पैशांबाबत एक गोष्ट फार थोड्या कलाकारांना ठाऊक असते. बँडची भागीदारी संस्था म्हणून किंवा तुमच्यापैकी एकाच्या नावे उद्यम नोंदणी करा. ती विनामूल्य आहे. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना देणी चुकती करण्याबाबतच्या २००६ च्या कायद्यानुसार, सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत करारातही ठेवता येत नाही, आणि त्यानंतर चक्रवाढ व्याज लागते. सेवा स्वीकारली जाते ती प्रत्येक कार्यक्रमाच्या रात्री. एप्रिलमधल्या कोल्हापूरच्या कार्यक्रमाचे पैसे मेअखेरनंतर ४५ दिवसांनी देणे या हिशेबात बसत नाही. म्हणून अर्धी रक्कम सहीच्या वेळी आणि उरलेली प्रत्येक कार्यक्रमाच्या दिवशी, मंचावर जाण्याआधी, असे मागा. पॅन दिला नाही तर २० टक्के कर कापला जाईल. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

आणखी एक. कंपनीचे अधिकारी ‘हे आमच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) निधीतून आहे’ असे म्हणाले, तर सावध व्हा. ज्यातून स्वतःच्या उत्पादनाची जाहिरात होते, असे प्रायोजकत्व सामाजिक दायित्वाच्या खर्चात धरता येत नाही, असे २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे. अशा घोळात तुमचे मानधन अडकू शकते.

राजारामपुरीचा_बेसवादक

सर्वांचे मनापासून आभार. उद्यम नोंदणीची गोष्ट आम्हाला खरोखरच ठाऊक नव्हती. गंगावेसकर यांचा मुद्दा मी बँडसमोर वाचून दाखवला आणि बराच वेळ कोणी बोलले नाही, एवढे प्रामाणिकपणे सांगतो. दरम्यान एका ओळखीच्या व्यक्तीने दुसरा प्रस्ताव सुचवला आहे. त्यात मानधन बरेच जास्त आहे, पण कंपनी मद्याची असून दौरा तिच्या ‘सोड्या’च्या नावाने होईल. त्याचा विचार करावा का? शिवाय मैदान, पाऊस आणि ध्वनी यांबद्दल कोणी अनुभवी व्यक्ती काही सांगू शकेल का?

उत्तर : मसुदा_वाचणारा

सोड्याचा प्रस्ताव सोडून द्या. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मद्याच्या जाहिरातीला बंदी आहे, आणि सोडा किंवा ग्लास यांच्या आडून केलेल्या जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बंदी घातली आहे. मोठे महोत्सव मद्याच्या नावाने झालेले आपण पाहतो, पण नोटीस आली तर त्यांच्याकडे वकिलांची फौज असते, आणि तुमच्याकडे मी आहे. पुण्यात कोथरूड इथे नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलजित दोसांझच्या कार्यक्रमात मद्यविक्रीला दिलेली परवानगी स्थानिक विरोधानंतर ऐनवेळी मागे घेतली गेली. तुमचा श्रोता महाविद्यालयीन आहे, हेही विसरू नका.

उत्तर : सांगलीचा_साउंडवाला

मैदान आणि पाऊस या प्रश्नाला उत्तर देतो, कारण माझी गाडी एप्रिल-मे महिन्यांत याच रस्त्यांवर असते.

आपल्या भागातला उन्हाळा म्हणजे वळीव. दुपारी चारपर्यंत कडक ऊन, पाचला जोतिबाच्या बाजूने काळे ढग, आणि मग अर्धा तास असे वारे सुटते की मंडपाचे कापड शिडासारखे फुगते. कार्यक्रम संध्याकाळी सातचा असेल, तर हे सगळे नेमके साउंड चेकच्या वेळी घडते. म्हणून करारात पावसाचे कलम उलटे करून घ्या. मंच उभा राहिला, तुम्ही मैदानावर पोहोचलात आणि मग पाऊस आला, तर मानधन पूर्ण मिळाले पाहिजे. मैदानाची आणि तारखेची निवड त्यांची आहे, मग जोखीम वादकांच्या डोक्यावर का? परवानगीचे तर त्याहून स्पष्ट आहे. अर्ज प्रायोजकाने किंवा त्याने नेमलेल्या आयोजकाने स्वतःच्या नावाने करावा, बँडच्या नावाने कदापि नको. चेंगराचेंगरी झाली किंवा कमान कोसळली, तर पोलीस आधी अर्जावरचे नाव वाचतात. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटॅलिकाचा गुडगावचा कार्यक्रम मंचासमोरच्या अडथळ्याच्या सुरक्षेवरून आयत्या वेळी रद्द झाला, संतापलेल्या गर्दीने मंचाची मोडतोड केली, आणि गुन्हे आयोजकांवर दाखल झाले. दोन दिवसांनी बंगळूरला तोच बँड व्यवस्थित वाजवून गेला. बेळगाव कर्नाटकात असल्याने तिथली परवानगी पूर्णपणे वेगळी असते. तिकडचा स्थानिक माणूस असल्याशिवाय ती तारीख पक्की धरू नका.

मैदानाबद्दल. शिवाजी पेठेतले गांधी मैदान मोठे आणि मोक्याचे आहे, पण ते सखल असल्याने एका वळवात तिथे पाणी साचते, आणि चारही बाजूंनी वस्ती आहे. मेरी वेदर मैदान मला त्यापेक्षा सोयीचे वाटते. गाड्या आत येतात आणि गर्दी पांगायला वाटा आहेत. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मधल्या आगीत जळाल्यावर मोठ्या सभागृहाचा पर्याय कोल्हापुरात आधीच तोकडा झाला आहे, त्यामुळे पावसासाठी पर्यायी जागा हवी असेल तर एखाद्या महाविद्यालयाचे बंदिस्त सभागृह आत्ताच तोंडी राखून ठेवायला सांगा.

ध्वनीच्या नियमांबाबत २००० सालचे केंद्राचे नियम लागू आहेत. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले जे मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते, ते सणांच्या वाट्याला जातात. मैदानाच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जायला नको. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे हद्दीवर ६५. रॉक बँडचे नुसते ड्रम मंचाजवळ शंभरच्या वर जातात. मुंबईचे रंगभवन हे खुले नाट्यगृह, जिथे इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव गाजला, ते शेवटी शांतता क्षेत्राच्या नियमातच अडकले. म्हणून मंच वस्तीच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभारा, मुख्य स्पीकर टांगून खाली झुकवा, आणि कार्यक्रम सव्वासहाला सुरू करून साडेनऊला संपवा.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो बँडवाले हमखास विसरतात. प्रायोजकाचा आयोजक खर्च वाचवण्यासाठी मिरवणुकीतला डॉल्बी आणून उभा करतो. ती भिंत ठेका ऐकवण्यासाठी बांधलेली असते; तिच्यातून तुमच्या मराठी गाण्याचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचणार नाहीत. एका कार्यक्रमात आयोजकाने मला न विचारता तसली यंत्रणा लावली होती, आणि गायकाने पूर्ण ताकदीने गाऊनही लोक ‘आवाज वाढवा’ असेच ओरडत राहिले. तांत्रिक मागणीपत्र कराराला परिशिष्ट म्हणून जोडा. त्यात लाइन अ‍ॅरे (एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरांची रांग), मंचावरच्या प्रत्येकाला स्वतंत्र मॉनिटर, मिक्सरवर तुमचा स्वतःचा माणूस, ध्वनी आणि प्रकाश यांना वेगवेगळे जनरेटर, आणि तांब्याची पट्टी घालून केलेले अर्थिंग हे लिहा. अर्थिंगकडे दुर्लक्ष केले तर पावसानंतरच्या ओल्या मंचावर माइकला ओठ लागताच झटका बसतो. आणि वाद्ये दुपारपासून उन्हात मांडून ठेवू नका. साउंड चेकला जुळवलेली गिटार संध्याकाळी बेसूर झालेली असते.

उत्तर : जुना_श्रोता

पंचगंगेच्या गाण्यासाठी मसुद्यात काय घालावे, हे कोणी लिहिले नाही म्हणून पुन्हा लिहितो. तोंडी सूचनेला तोंडी उत्तर देऊ नका. ‘गाण्यांची निवड आणि क्रम हा सर्वस्वी बँडचा अधिकार राहील’ हे एकच वाक्य मसुद्यात घालून पाठवा. कंपनीने ते मान्य केले, तर गंगावेसकरांच्या आक्षेपातला निम्मा जोर ओसरेल, आणि नाकारले तर नकाराचे कारण त्यांना लेखी द्यावे लागेल, जे द्यायला कोणताही जाहिरात विभाग धजावत नाही. उरलेला निम्मा आक्षेप साखरेचा आहे. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

राजारामपुरीचा_बेसवादक

थोडक्यात सद्यस्थिती कळवतो. सोड्याला नकार कळवला. शीतपेयवाल्यांनी घोषवाक्याचे गाणे वेगळ्या करारात घेण्याचे मान्य केले आहे, आणि ध्वनिमुद्रण व चित्रीकरणाच्या हक्काची मुदत तीन वर्षांवर आणली आहे; मूळ ट्रॅक द्यायलाही ते तयार आहेत. पावसाच्या कलमावर अर्ध्या मानधनापर्यंत आले, आम्ही पूर्णावर अडून आहोत. बेळगाव तूर्त वगळून पाचच गावे ठेवली आहेत. तांत्रिक मागणीपत्र सांगलीच्या साउंडवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे परिशिष्ट म्हणून जोडले, तेव्हा आयोजकाने पहिल्यांदा आम्हाला ‘अहो’ म्हणून संबोधले. गाण्यांच्या निवडीचे वाक्य परवा मसुद्यात घालून पाठवले आहे आणि त्यावर अजून काहीच उत्तर आलेले नाही. आमचा गीतकार ते आल्याशिवाय सही करणार नाही, आणि ड्रमवादकानेही आता तेच धरले आहे. उत्तर आले की इथेच लिहीन.